घर एका राज्यात, पगार दुसऱ्या राज्यात

जानेवारी संपता संपता अमेरिकेतल्या नोकरदाराच्या हाती डब्ल्यू-२ नावाचा कागद पडतो. वर्षभराचा पगार, केंद्र सरकारसाठी कापलेला कर, सोशल सिक्युरिटीचे पैसे, सगळे त्यावर छापलेले असते. नवखा माणूस वरच्या चौकटी वाचतो, आकडे पगाराच्या पावत्यांशी ताडून पाहतो आणि निश्चिंत होतो. खरा गोंधळ तळाशी असतो, १५, १६ आणि १७ क्रमांकाच्या चौकटींत. पंधरावीत राज्याचे नाव, सोळावीत त्या राज्याच्या हिशेबात धरलेला पगार आणि सतरावीत त्या राज्यासाठी कापलेला कर. तिथे एकाऐवजी दोन राज्यांची नावे दिसली, की प्रश्न उभा राहतो: ज्या राज्यात आपण राहतच नाही, तिथेही रिटर्न भरायचा का?

उदाहरणासाठी एक तरुण डोळ्यांसमोर आणू. गाव गागोदे बुद्रुक, तालुका पेण, जिल्हा रायगड. शाळा गावाकडे, इंजिनिअरिंग मुंबईत, मग पुण्यातल्या आयटी कंपनीत नोकरी आणि तिथून एच-१बी व्हिसावर अमेरिका. तरुण काल्पनिक आहे, पण ही वाट कोकणातल्या कितीतरी घरांतली मुले चालून गेली आहेत. घर भाड्याने घेतले न्यू जर्सीतल्या एडिसनला, कारण ओक ट्री रोडवर वाणसामान मिळते, मराठी माणसे आसपास आहेत आणि मॅनहॅटनचे भाडे परवडणारे नाही. ऑफिस मात्र मॅनहॅटनमध्येच. रोज सकाळी त्याची गाडी हडसन नदीखालच्या बोगद्यातून न्यूयॉर्कात शिरते. नदीच्या अलीकडे न्यू जर्सीचे करखाते, पलीकडे न्यूयॉर्कचे.

या तरुणाला असा प्रश्न आयुष्यात आधी कधी पडलेला नसतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. भारतात पगारावरचा आयकर केंद्राचा. पुण्यात राहून मुंबईत नोकरी केली काय किंवा बेळगावात राहून कोल्हापुरात, आयकराचा रिटर्न एकच आणि तो दिल्लीच्या खात्याकडे. राज्यांना राज्यघटनेने उत्पन्नावर कर लावण्याचा जो अधिकार दिला तो शेतीच्या उत्पन्नापुरता. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीची ४६ वी नोंद ती हीच. पगारातून राज्याकडे जातो तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात तो १९७५ च्या कायद्याने आला. घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने त्याला कमाल मर्यादा घातली आहे: सुरुवातीला वर्षाला २५० रुपये, आणि १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीपासून २,५०० रुपये. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० अशी कपात बहुतेकांच्या पगारपत्रकात दिसते, ती याचीच. त्याचा रिटर्नही मालक भरतो, नोकरदाराला काही करावे लागत नाही. त्यामुळे ‘राज्याचा रिटर्न’ ही गोष्ट मराठी माणूस थेट अमेरिकेतच पहिल्यांदा पाहतो. आपण राहतो त्या राज्याचा रिटर्न तो कसाबसा समजून घेतो. दुसऱ्या राज्याचा म्हटले की त्याला वाटते, काहीतरी चूक झाली असणार.

चूक झालेली नसते. अमेरिकेत राज्य दोन वेगवेगळ्या नात्यांनी कर मागते. रहिवाशाकडे ते त्याच्या साऱ्या जगातल्या उत्पन्नावर कर मागते, आणि बाहेरच्याकडे फक्त त्या राज्यात कमावलेल्या उत्पन्नावर. आधुनिक धाटणीचा राज्य आयकर विस्कॉन्सिनने १९११ साली सुरू केला. इतर राज्ये मागोमाग आली आणि भांडणेही लगेच सुरू झाली. शिकागोत राहणाऱ्या शॅफर नावाच्या गृहस्थाच्या तेलविहिरी ओक्लाहोमात होत्या. आपण ओक्लाहोमाचे रहिवासी नाही, तेव्हा ओक्लाहोमाने आपल्या नफ्यावर कर लावू नये, असे त्याचे म्हणणे. त्याच सुमारास कुलपे बनवणारी येल अँड टाउन ही कंपनी न्यूयॉर्कविरुद्ध कोर्टात गेली. कंपनी कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डची, पण तिचे काही कर्मचारी न्यूयॉर्कात काम करत आणि राहत शेजारच्या राज्यांत. न्यूयॉर्कने १९१९ च्या कायद्यात स्वतःच्या रहिवाशांना करमाफीची मर्यादा दिली होती, बाहेरच्यांना नाही.

दोन्ही निकाल १ मार्च १९२० रोजी एकाच दिवशी लागले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्या राज्याच्या हद्दीत कमाई होते त्या राज्याला बाहेरच्या माणसाकडूनही त्या कमाईवर कर घेता येईल. मात्र केवळ बाहेरचा म्हणून त्याला रहिवाशापेक्षा वाईट वागवता येणार नाही. शॅफर हरला, येलची बाजू जिंकली. शंभर वर्षे उलटली तरी आजचा सगळा डोलारा या दोन निकालांवर उभा आहे.

आपल्याकडेही हा पेच अगदी अनोळखी नाही. गागोद्याचाच दाखला घ्यावा. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी या गावात झाला. त्यांचे आजोबा शंभूराव गावी, तर वडील नरहरपंत नोकरीसाठी बडोद्यात. गागोदे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिशांच्या मुलखात; बडोदा गायकवाडांचे, वेगळे संस्थान, वेगळी तिजोरी. एक पाय ब्रिटिश हद्दीत आणि एक संस्थानात अशी कितीतरी कुटुंबे तेव्हा होती, आणि एकाच उत्पन्नावर दोन्हीकडे कर लागू नये म्हणून १९३९ साली संस्थानांसाठी दुहेरी करातून सुटकेचे खास नियम करावे लागले. १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले, पुढे संस्थानांच्या वेगळ्या करपद्धती गेल्या आणि हा प्रश्न आपल्या विस्मरणात गेला.

त्यानंतरही मुंबई राज्याने परराज्यातल्या माणसाकडून कर मागितल्याचा एक गाजलेला खटला आहे. आर. एम. डी. चमारबागवाला बंगळूरहून शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा चालवत. ‘स्पोर्टिंग स्टार’ हे त्यांचे साप्ताहिक छापले जाई म्हैसूर राज्यात, पण खपत असे मुंबई राज्यातही. मुंबई सरकारने १९५२ च्या दुरुस्तीने बाहेर छापलेल्या वर्तमानपत्रांतल्या स्पर्धांनाही कराच्या कक्षेत आणले. स्पर्धा बंगळूरची, छापखाना बंगळूरचा, मग मुंबईचा संबंध काय, हा वादाचा मुद्दा. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कोडी सोडवणारे मुंबईत, प्रवेशिका भरल्या जातात मुंबईत, पैसे भरले जातात मुंबईत. एवढा संबंध कर लावायला पुरेसा आहे. माणूस कुठे राहतो यापेक्षा पैसा कुठल्या मातीत उगवला हे पाहायचे, हा विचार हडसनच्या काठी जसा टिकला तसा अरबी समुद्राच्या काठीही टिकला.

आता परत एडिसनच्या तरुणाकडे. न्यूयॉर्कचा नियम वाचायला सोपा आहे, पण त्यातली खाच पटकन लक्षात येत नाही. बाहेरच्या माणसाचे न्यूयॉर्कात उगम पावलेले काही उत्पन्न असेल आणि त्याचे एकूण उत्पन्न राज्याच्या प्रमाण वजावटीपेक्षा जास्त असेल, तर रिटर्न भरावा लागतो. ही वजावट एकट्या माणसाला ८,००० डॉलर, एकत्र रिटर्न भरणाऱ्या नवरा-बायकोला १६,०५० डॉलर. खाच अशी, की मर्यादेशी तुलना करायची ती न्यूयॉर्कातल्या कमाईची नव्हे, फॉर्मच्या ‘केंद्रीय’ रकान्यातल्या संपूर्ण उत्पन्नाची. म्हणजे वर्षाला सव्वा लाख डॉलर कमावणाऱ्याने न्यूयॉर्कात फक्त दोन हजार डॉलर मिळवले, तरी तो मर्यादेच्या वरच. ‘माझी तिथली कमाई आठ हजारांच्या आत आहे’ असे म्हणून बरेच जण स्वतःला मोकळे करून घेतात, आणि तिथेच फसतात.

कराची आकारणीही त्याच रीतीने होते. न्यूयॉर्क आधी माणसाच्या सगळ्या उत्पन्नावर जणू तो रहिवासी आहे असा कर काढते, आणि मग त्यातला न्यूयॉर्कचा वाटा घेते. समजा, टेक्सासात राहणाऱ्या एका सल्लागाराचा पगार १,२०,००० डॉलर. वर्षात कामाचे दिवस २४०, त्यांपैकी ३० दिवस तो न्यूयॉर्कच्या ग्राहकाकडे जाऊन काम करतो. तिथली कमाई झाली आठवा हिस्सा, १५,००० डॉलर. सगळ्या पगारावरचा कर समजा ६,४०० डॉलर आला, तर त्याला द्यायचे ८०० डॉलर. पंधरा हजारांवर सुटा हिशेब केला असता तर खालच्या दराने कितीतरी कमी भरला असता. म्हणून परराज्यातली कमाई छोटी असली तरी तिच्यावरचा दर छोटा नसतो.

याच ठिकाणी डब्ल्यू-२ पुन्हा एकदा चकवतो. न्यूयॉर्कच्या नियमाप्रमाणे मालकाला सोळाव्या चौकटीत न्यूयॉर्कच्या नावापुढे वर्षाचा संपूर्ण पगार लिहावा लागतो, कर्मचारी बाहेरचा असला आणि त्याने तिथे थोडेच दिवस काम केलेले असले तरीही. शेजारी दुसऱ्या राज्याच्या नावापुढेही पगार असतो. दोन्हींची बेरीज केली तर पगार दुप्पट झाल्यासारखा दिसतो, आणि आपल्यावर दोनदा कर लागला अशी धास्ती बसते. पगार कुठे किती मिळवला याचा खुलासा करायची जागा वेगळी आहे: आयटी-२०३ हा बाहेरच्यांचा रिटर्न आणि त्याला जोडायचे आयटी-२०३-बी हे विभागणीचे पत्रक. त्यात कामाचे एकूण दिवस, रजा, सुट्या आणि न्यूयॉर्कबाहेर केलेले कामाचे दिवस लिहायचे असतात. ते लिहिलेच नाहीत, तर राज्याच्या हाती डब्ल्यू-२ वरचा पूर्ण आकडा तेवढा उरतो.

न्यू जर्सी आपल्या रहिवाशाकडून साऱ्या उत्पन्नावर कर मागते, न्यूयॉर्कच्या पगारावरसुद्धा. मग दोनदा कर? नाही, न्यूयॉर्कला भरलेल्या कराचे क्रेडिट न्यू जर्सी देते. मध्यम पगारावर न्यूयॉर्कचा कर साधारणतः न्यू जर्सीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे पगाराशिवाय दुसरे उत्पन्न नसलेल्या माणसाला न्यू जर्सीला द्यायचे फारसे उरत नाही. तरी रिटर्न दोन्हीकडे भरावा लागतो, आणि क्रमही ठरलेला आहे: आधी जिथे काम केले त्या राज्याचा, मग जिथे राहतो त्या राज्याचा. क्रेडिटचा आकडा पहिल्या रिटर्नवर ठरलेल्या करावरून येतो, मालकाने कापलेल्या रकमेवरून नाही. घाईत उलट क्रमाने भरणाऱ्यांना पुढे दुरुस्तीचे रिटर्न भरत बसावे लागते.

हे क्रेडिट कुणाची कृपा नाही. मेरीलँडमधल्या विन दांपत्याचा ज्या आरोग्यसेवा कंपनीत हिस्सा होता, ती ३९ राज्यांत रिटर्न भरत होती. मेरीलँडने इतर राज्यांना भरलेल्या कराचे पूर्ण क्रेडिट नाकारले. १८ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मेरीलँडची ती रचना घटनाबाह्य ठरवली. आपल्या पगाराचा हिशेब मांडताना क्रेडिटचा रकाना रिकामा सोडणाऱ्या माणसाने या निकालाची आठवण ठेवावी.

टेक्सासच्या सल्लागाराला मात्र हा आधार नाही. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, नेवाडा, टेनेसी अशा नऊ राज्यांत पगारावर राज्याचा आयकरच नाही. घरच्या राज्यात करच नसेल तर क्रेडिट मिळणार कशातून? न्यूयॉर्कला दिलेले ८०० डॉलर सरळ खिशातून जातात. डॅलस, ऑस्टिन, सिएटल इथल्या मराठी कुटुंबांत राज्याच्या रिटर्नचा विषय फारसा निघत नाही, कारण वर्षानुवर्षे त्यांनी तो पाहिलेलाच नसतो. कामानिमित्त कॅलिफोर्नियाला किंवा न्यूयॉर्कला महिनाभर जाऊन आलेला माणूस म्हणूनच सगळ्यात जास्त विसरतो.

पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी यांनी १९७० च्या दशकात वेगळी सोय केली. एका राज्यात राहून दुसऱ्यात पगार मिळवणाऱ्याने फक्त राहत्या राज्यात कर द्यायचा. न्यू जर्सीत काम करणारा पेनसिल्व्हेनियाचा रहिवासी मालकाकडे एनजे-१६५ हा फॉर्म देतो, आणि न्यू जर्सीची कपात थांबते. फॉर्म द्यायचा राहिला आणि कपात होत गेली, तर वर्षअखेरीला परराज्याचा रिटर्न भरावा लागतो, पण कर देण्यासाठी नव्हे, कापलेला सगळा परत मागण्यासाठी. फिलाडेल्फिया शहराचा वेतन कर या करारात बसत नाही. तो बाहेरच्यांनाही साडेतीन टक्क्यांच्या किंचित खालच्या दराने लागतो. न्यूयॉर्क शहराने मात्र बाहेरून येणाऱ्यांवरचा शहर कर १९९९ सालीच काढून टाकला, तेव्हा एडिसनहून येणाऱ्याला न्यूयॉर्क राज्याचा कर भरावा लागतो, शहराचा नाही.

किती दिवस गेले तर रिटर्न लागतो? प्रत्येक राज्याचे उत्तर निराळे. इलिनॉयमध्ये २०२० पासून ३० दिवसांहून अधिक काम केल्यावर पगार तिथला धरतात. न्यूयॉर्कात १४ दिवसांचा एक नियम सांगितला जातो आणि तो फार चुकीच्या अर्थाने फिरतो. कर्मचारी वर्षात १४ किंवा कमी दिवस येणार असेल तर मालकाने कपात नाही केली तरी चालते, एवढाच त्याचा अर्थ. कर्मचाऱ्याची देणेदारी पहिल्या दिवसापासून असते. कपात झाली नाही म्हणजे कर लागू नाही असे नसते. साऱ्या देशासाठी ३० दिवसांची एकच मर्यादा ठरवणारे विधेयक अमेरिकन काँग्रेसपुढे अनेक वर्षे पुन्हा पुन्हा येते. २०१७ साली प्रतिनिधिगृहाने ते मंजूरही केले, पण कायदा झाला नाही.

राज्ये या दिवसांवर किती बारीक नजर ठेवतात, याचा किस्सा बास्केटबॉलमधला आहे. १९९१ च्या अंतिम मालिकेत मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सने लॉस एंजेलिसच्या लेकर्सना हरवले. कॅलिफोर्नियाने पाहुण्या खेळाडूंकडून तिथे खेळलेल्या दिवसांचा कर मागितला. चिडलेल्या इलिनॉयने लगेच कायदा करून बाहेरून येणाऱ्या खेळाडूंवर, आणि तेही त्यांच्या राज्याने आपल्या खेळाडूंवर कर लावला असेल तरच, उलट कर बसवला. लोकांनी त्या कायद्याला ‘जॉर्डनचा सूड’ असे नाव दिले. खेळाडूंचे वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून येते म्हणून ते लवकर सापडले. आता विमानाची तिकिटे, हॉटेलची बिले आणि ऑफिसच्या दारावरच्या कार्डाच्या नोंदी सामान्य नोकरदाराचेही दिवस सांगतात.

घरून काम करणाऱ्यांसाठी न्यूयॉर्कचा आणखी एक नियम आहे, आणि तो आपल्या लोकांना फार जवळून लागू होतो. ज्याचे नेमलेले ऑफिस न्यूयॉर्कात आहे, त्याने मालकाच्या गरजेपोटी नव्हे तर स्वतःच्या सोयीसाठी बाहेर बसून काम केले, तर तो दिवस न्यूयॉर्कातलाच धरतात. कार्डोझो लॉ स्कूलचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की कनेक्टिकटमधल्या घरी बसून लिहीत, वाचत. त्या दिवसांवर न्यूयॉर्कने कर लावला, ते स्वतःच लढले आणि २००३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. कोविडच्या काळात हाच वाद हजारो घरांत शिरला. न्यू हॅम्पशायरने अशाच कारणावरून मॅसॅच्युसेट्सवर दावा लावला, पण जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला. न्यू जर्सीने २०२३ मध्ये, असा नियम असलेल्या राज्यांच्या रहिवाशांपुरता, स्वतःही तसाच नियम केला.

आता आपला तरुण गणपतीला गावी येतो. आठवडाभर रजा घेतो आणि पुढचे दोन आठवडे गागोद्याच्या घरात बसून लॅपटॉपवर न्यूयॉर्कचेच काम करतो. ऑफिसने पाठवले म्हणून तो आलेला नाही, स्वतःच्या सोयीने आला आहे. तेव्हा रजेचा आठवडा हिशेबातून वगळला जातो, पण कामाचे दोन आठवडे न्यूयॉर्कच्या नियमाने न्यूयॉर्कातलेच. कोकणातल्या ओसरीवर केलेले काम मॅनहॅटनच्या खात्यात जमा होते, हे पटायला जड जाते, पण विभागणीच्या पत्रकात ‘न्यूयॉर्कबाहेरचे दिवस’ म्हणून ते लिहिले तर खाते ते नाकारू शकते. भारतही या कामावर कर मागू शकला असता, कारण काम भारतात झाले. पण १९८९ च्या भारत-अमेरिका कराराचे १६ वे कलम थोड्या दिवसांसाठी आलेल्या अशा नोकरदाराला वाचवते, पगार परदेशी मालकाने दिलेला असेल तर.

या कराराबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. तो करार अमेरिकेच्या केंद्रीय कराशी झाला आहे, राज्यांच्या करांशी नाही. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी या दोन्ही राज्यांत, जिथे मराठी वस्ती दाट आहे, कराराने केंद्रात मिळणारी सूट राज्याच्या हिशेबात मिळत नाही. तसेच केंद्राच्या दृष्टीने ‘अनिवासी परदेशी’ असलेला विद्यार्थी राज्याच्या दृष्टीने रहिवासी ठरू शकतो. दोन्हीकडे ‘अनिवासी’ हाच शब्द वापरात असल्याने मुले एका फॉर्मवरचे उत्तर दुसऱ्यावर उतरवतात, आणि चुकीचा फॉर्म भरून बसतात.

उलट दिशेनेही हाच प्रश्न येतो. गागोद्यात वडिलोपार्जित जमीन आहे, वडील गेल्यावर वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर तरुणाचे नाव लागले. आता भारतासाठी तो अनिवासी. त्याने भारतात रिटर्न भरायचा का? नुसत्या भाताच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. जमीन खरोखर कसली जाणारी आणि ग्रामीण असेल, तर विक्रीच्या नफ्यावरही भारतात कर नाही. दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या नगरपालिकेपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या पलीकडे ती असावी लागते, आणि पेण शहराच्या हद्दीपासून गागोदे त्याहून खूप दूर आहे. पण तीच जमीन बिगरशेती करून प्लॉट म्हणून विकली, किंवा पेणमधला फ्लॅट विकला, की चित्र पालटते. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत ५० लाखांवरच्या व्यवहारात खरेदीदार एक टक्का कापतो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत दीर्घ मुदतीच्या नफ्यासाठी साडेबारा टक्के, अधिक अधिभार आणि उपकर, पहिल्या रुपयापासून, आणि कमी कपातीचा दाखला आधी काढला नसेल तर बहुधा नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर. जास्तीचा पैसा परत आणायचा एकच मार्ग आहे, भारतातला रिटर्न. ८७अ कलमाखाली निवासींना मिळणारी करमाफी अनिवासींना मिळत नाही, हेही अनेकांना रिटर्न भरतानाच कळते.

आणि त्या ग्रामीण जमिनीच्या विक्रीवर भारतात कर लागला नाही म्हणून तो तरुण सुटत नाही. तो अमेरिकेचा करनिवासी असेल तर केंद्र त्याच्या जगभरच्या नफ्यावर कर मागते आणि न्यू जर्सीही मागते. पेणच्या फ्लॅटवर भारतात भरलेल्या कराचे क्रेडिट केंद्र देते. न्यू जर्सी देत नाही, कारण तिचे क्रेडिट अमेरिकेतल्या राज्यांपुरते आणि शहरांपुरते आहे, परदेशासाठी नाही. गावचे घर विकून भावंडांत वाटणी करताना ही रक्कम कुणाच्याच हिशेबात नसते. नंतर ती एकट्या अमेरिकेतल्या भावावर येते आणि घरात कुरबुर सुरू होते.

तर मग भरायचा की नाही? सर्वाधिक घोळ होतो तो ‘कर निघत नाही, मग कशाला’ या विचाराने. कर निघतो का आणि रिटर्न भरावा लागतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पंधराव्या चौकटीत परराज्याचे नाव असेल आणि सतरावीत एक डॉलरही कापलेला असेल, तर रिटर्न भरल्यावाचून तो डॉलर परत येणार नाही, आणि परतावा मागायची मुदत न्यूयॉर्कात साधारण तीन वर्षांची. सतरावी चौकट रिकामी आहे पण तिथे कामाचे दिवस झाले आहेत, तर त्या राज्याची मर्यादा पाहायची आणि ओलांडली असेल तर भरायचा. मर्यादेच्या काठावर असेल, आणि कर शून्य येत असेल, तरी भरावा, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. कारण मुदतीच्या कायद्यात आहे. रिटर्न भरला, की खात्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांत फेरतपासणी करावी लागते. रिटर्न भरलाच नाही, तर ती तीन वर्षे सुरूच होत नाहीत. दहा वर्षांनीही पत्र येऊ शकते, आणि तेव्हा जुन्या नोकरीचे वेळापत्रक, विमानाची तिकिटे, कंपनीचा दाखला यांतले काही हाताशी नसते. दिवसांची वही, किंवा फोनमधले कॅलेंडर, ज्या त्या वर्षीच भरून ठेवावे.

ज्यांना पुढे अमेरिकेचे नागरिकत्व घ्यायचे आहे त्यांच्यासाठी आणखी एक कारण आहे. एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जात केंद्र, राज्य किंवा स्थानिक कर थकलेले आहेत का, हे सरळ विचारतात. राज्याची थकबाकी ही राज्यापुरती राहत नाही.

मागची वर्षे राहून गेली असतील तर न्यूयॉर्कमध्ये स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आहे. न भरलेले रिटर्न आणि कर खात्याला आपणहून कळवून करार करायचा. दंड माफ होतो, कर आणि व्याज भरावे लागते. इतर अनेक राज्यांतही अशी सोय आहे, आणि बहुतेक ठिकाणी मागच्या मोजक्याच वर्षांचा हिशेब मागतात. पण त्यासाठी अर्ज खात्याच्या पत्राच्या आधी पोचावा लागतो. तपासणी सुरू झाली किंवा त्या कराची मागणी घरी आली, की त्या वर्षासाठी ही योजना मिळत नाही.